चेनवाल्यांची मोजदाद

२ एप्रिल

टोपीवाली आज सकाळी दारात सायकल लावून नवा फॉर्म देऊन गेली. पक्ष्यांची पाहणी करणारी ही मुलगी चांगली डॉक्टरेट मिळवलेली आहे, पण घरात आली तरी डोक्यावरची टोपी काढत नाही, म्हणून आमच्याकडे तिचं नाव टोपीवालीच पडलं. तिच्याकडे बारा माळ आहेत आणि प्रत्येक माळाला मोजणारं एक माणूस. जुन्या धावपट्टीच्या माळाला मी.

फॉर्मच्या वरच्या बाजूला तीच ओळ ठळक अक्षरांत: ‘ऐकलेले तेवढेच लिहा.’ दिसलेलं पाखरू मोजणीत धरायचं नाही. ते वाटेवरचं पाहुणं असेल, मादी असेल, काहीही असेल. गाणारा नर मात्र घर करून बसलेला असतो, त्याच्या आसपास जमिनीवर घरटं असतंच. मला हा नियम पसंत आहे. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. तिथेही हाच नियम होता, ऐकलं नाही ते लिहायचं नाही. नुसत्या ‘हॅलो’वरून मी सांगायचे कोण बोलतंय, आणि बोलणारा घरी भांडून आलाय की नाही.

पाखरू मुठीएवढंही नाही. मातकट रंग, गवतात बसलं की गवतच. पुस्तकातलं नाव लांबलचक आहे, पण आमच्या घरात तो चेनवाला. नाव ह्यांनी ठेवलं. हे शिंपी. पहिल्या वर्षी टोपीवालीने त्याचा आवाज ऐकवला तेव्हा हे काजं करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘पितळी चेन आहे. आठ इंची. प्लास्टिकची ओढली तर अशी वाजत नाही.’’ टोपीवाली हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

तीन वर्षांपूर्वी एकोणीस चेनवाले होते. गेल्या वर्षी अकरा. मार्चमधल्या सर्दीने माझ्या कानांना दडे बसले होते, पण आता मी ठणठणीत आहे. उगाच कुणी म्हणायला नको की म्हातारी आजारी होती म्हणून आकडा चुकला.

९ एप्रिल

पहिली मोजणी. दहा ठिकाणी पाच-पाच मिनिटं उभं राहायचं, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वारा नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. मोजायला यापेक्षा चांगली सकाळ मिळायची नाही.

सहा.

पुन्हा उलट्या बाजूने चालत आले. तरी सहाच. तेसुद्धा सगळे वाटेलगतचे, आतल्या गवतातून एकही नाही.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, ‘‘किती?’’ मी बोटं दाखवली. ह्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

१७ एप्रिल

किटलीने डोकं फिरवलंय. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, शिट्टीची. शिट्टी वाजतच नाही. आज तिसऱ्यांदा पाणी आटून तळ काळा झाला. तडक दुकानात नेली. दुकानदाराने तिथेच पाणी उकळून दाखवलं आणि म्हणतो कसा, ‘‘वाजतेय की, काकू!’’ वर कानांवर हात ठेवल्याचं नाटक. मी त्याला चांगलं फैलावर घेणार होते, पण ह्यांनी मला कोपराला धरून बाहेर आणलं. रस्त्यात म्हणतात, ‘‘जाऊ दे गं. यापुढे किटली मी बघेन.’’

असं म्हणून ह्यांनीच दुकानदारांना डोक्यावर चढवून ठेवलंय.

३ मे

रविवार. लेकीचा फोन, म्हणजे नातीचा. पहिलीतली भिंगरी हल्ली शब्द चघळत बोलते. ‘‘नीट तोंड उघडून बोल,’’ असं तीनदा सांगितलं. मग तिने फोन आजोबांना द्यायला सांगितला आणि त्यांच्याशी अर्धा तास हसत बसली. माझ्याशी बोलायचा तिला कंटाळा आला असेल. वाईट वाटलं. लिहून ठेवते, म्हणजे मनातून जाईल.

ह्यांचं मात्र म्हातारपणी काही वेगळंच चाललंय. जन्मभर दुसऱ्या खोलीतून ‘‘अगं ए’’ करणारा माणूस, आता उठून माझ्यासमोर येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि मग बोलतो. काल विचारलंच, ‘‘एवढं लाडात यायला काय झालं?’’ हे लाजले. बेचाळीस वर्षांनी लाजले! मी हसले, पण आवडलं मला.

११ मे

दुसरी मोजणी. दोन.

एक धावपट्टीच्या पहिल्या खांबाजवळ, अगदी पायाशी. दुसरा मोडक्या शेडच्या मागे. मधल्या सबंध माळावर चिडीचूप. गवत मांडीएवढं झालंय, वारा आला की सळसळतं, एवढंच.

टोपीवालीला फोन केला. ती म्हणाली, बाकीच्या माळांवरही घट आहे, पण इतकी कुठेच नाही. तिचा आवाज पडला होता. मला उगाच अपराध्यासारखं वाटलं, जणू मीच त्यांना हाकलून लावलं.

१२ मे

कुत्री घेऊन फिरायला येणाऱ्यांमुळे असेल. किंवा कावळे. किंवा पलीकडच्या शेतांवर मारलेलं औषध.

कुणाच्या नावाने बोटं मोडू?

२४ मे

गवतवाला भेटला. दूधवाल्या मंडळींच्या गोठ्यांसाठी हा माळ तोच कापतो. धिप्पाड माणूस, आवाज मात्र मऊ. ट्रॅक्टर बंद करून खाली उतरला.

‘‘मावशी, यंदा काय म्हणतात तुमचे चेनवाले?’’

‘‘दोन उरलेत.’’

त्याने डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. करार त्यालाही पाठ आहे, तो टोपीवालीनेच घडवून आणला. जूनच्या मोजणीत पाच किंवा जास्त गाणारे नर निघाले, तर धावपट्टीच्या पूर्वेचं गवत जुलै संपेपर्यंत उभं ठेवायचं, म्हणजे पिल्लं उडून जातात. पाचाच्या खाली आले, तर नऊ जूनला सरसकट कापणी.

‘‘दोनांसाठी थांबायला मालक तयार होणार नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आणि खरं सांगू? यंत्राखाली एक घरटं आलं होतं एकदा. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुम्ही पाच म्हणा ना. कोण येतंय बघायला?’’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ‘‘ऐकलं नाही ते मी आजवर लिहिलेलं नाही, आणि आता या वयात लिहिणार नाही.’’ तो बिचारा ‘‘बरं मावशी’’ म्हणून ट्रॅक्टरवर चढला. वाटेत मला वाटलं, एवढं तोडून बोलायला नको होतं.

६ जून

शून्य.

दहाही ठिकाणी उभी राहिले. मग दहाही ठिकाणी परत. चपलेत दव भरलं, पाय गारठले, तरी उभी राहिले. काही नाही. पाखरं नसलेला माळ किती मोठा वाटतो.

एकच गोष्ट घडली, ती लिहायला हवी. शेडपाशी एका वाळल्या दांडीवर एक चेनवाला येऊन बसला. दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होता. चोच उघडली, मान वर केली, गळा थरथरत होता त्याचा. पण आवाज नाही. पुन्हा उघडली, पुन्हा काही नाही. असा बराच वेळ बसला होता बिचारा, तोंड उघडं टाकून. गाणं ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून त्याने गाणंच सोडलं असेल का? फॉर्मवर तो धरता येत नाही. ऐकलेले तेवढेच.

फॉर्म टोपीवालीच्या ऑफिसच्या पेटीत टाकून आले. घरी येऊन ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. त्या मुक्या पाखराचं सांगितलं. हे थोपटत होते, ते मधेच थांबले.

‘‘चोच उघडत होता?’’

‘‘हो.’’

‘‘आणि गळा हलत होता?’’

‘‘सांगतेय ना!’’

मग संध्याकाळभर मशीनला हातही लावला नाही. ह्यांच्या मनाला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं.

७ जून

सकाळी उठले तर शेजारची जागा रिकामी. आठाच्या आत डोळा न उघडणारा माणूस, सायकलसकट गायब! साडेसातला आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, मोज्यांत गवताची कुसळं. दारातच म्हणाले, ‘‘आहेत.’’

‘‘काय आहेत?’’

‘‘चेनवाले. दुसऱ्या खांबाजवळ एक, शेडच्या मागे आहेच, आणि आत...’’

मी पुढचं बोलू दिलं नाही. तुम्हाला टोळ कुठला आणि पाखरू कुठलं हे तरी कळतं का, म्हटलं. एकतीस वर्षं मी काय हेडफोन दागिना म्हणून घातला? माझं दुःख हलकं करायला खोटं बोलताय, आणि खोटंही धड जमत नाही. खूप बोलले. हे ऐकून घेत उभे होते. मग स्वयंपाकघरात गेले आणि किटली ठेवली. मला वाटलं, चहा देऊन गप्प बसवणार, नेहमीसारखं.

तेवढ्यात फोन. भिंगरीचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, गॅसकडे पाठ करून बोलत होते. ती काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही. ‘‘काय म्हणतेस?’’ दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती ओरडलीच:

‘‘आजी, ती शिट्टी बंद कर ना! माझा कान दुखतोय!’’

‘‘कसली शिट्टी?’’

‘‘तुझ्याकडेच वाजतेय! केवढी मोठ्ठी!’’

मी वळले. किटलीच्या तोंडातून वाफेचा सरळ झोत निघत होता. हे गॅसपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. बंद करत नव्हते. माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

मी फोन ठेवला. गॅस मीच बंद केला.

(तोच दिवस, दुपारी)

तीन तास खिडकीशी बसून होते. सगळं आठवत गेलं. किटली, भिंगरीचे चघळलेले शब्द, खांद्यावरचा हात. लाडात आले होते म्हणे! मूर्ख बाई.

शेवटी विचारलं, ‘‘कधीपासून माहीत होतं?’’

‘‘मार्चपासून. सर्दी गेली तरी तू बारीक आवाजाला वळत नव्हतीस.’’

‘‘मग सांगायला काय झालं होतं?’’

हे बोटातलं शिवणाचं अंगुस्तान फिरवत राहिले. ‘‘तुझा सगळा अभिमान कानांत आहे गं. म्हटलं, निभतंय तोवर निभवू.’’

‘‘आणि पाखरं? तिथे घरटी आहेत, जमिनीवर! परवा यंत्र फिरलं असतं त्यांच्यावरून!’’

‘‘तेच तर,’’ हे म्हणाले. ‘‘मला किटलीचं कळत होतं, भिंगरीचं कळत होतं. पण चेनवाले नाहीत असं तू म्हणालीस, ते मी खरंच धरलं. आवाजाच्या बाबतीत तू चुकशील, हे डोक्यातच आलं नाही. काल तू त्या उघड्या चोचीचं सांगितलंस, तेव्हा आलं.’’

माझे कान गेलेत हे ज्याला माहीत, त्याचाच माझ्या कानांवर एवढा विश्वास. मला राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. उठून चहा केला. किटलीकडे बघत केला.

मग टोपीवालीला फोन. आयुष्यात इतका जड फोन मी कधी लावला नव्हता. ‘‘माझा आकडा रद्द धर,’’ म्हटलं, ‘‘एप्रिलपासूनचे सगळेच. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.’’ तिकडे थोडा वेळ शांत होतं, की तीही हळू बोलत होती, देव जाणे. फोन ह्यांच्याकडे दिला. ती म्हणाली, एप्रिल-मेचं नंतर बघू. उद्या सकाळी नऊपर्यंत नवी मोजणी हातात पडली तर गवतवाल्याला थांबवते. तिला स्वतःला दुसऱ्या टोकाच्या माळावरून पोचणं शक्य नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘मग मोजणार कोण?’’

ह्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, आणि मग माझ्याकडे.

८ जून

दोघं सहाला धावपट्टीवर. धुकं नव्हतं. पहिल्या खांबाशी उभे राहिलो. मी ह्यांचा हात हातात घेतला आणि ठरलं ते असं, की आवाज आला की हात दाबायचा. बोलायचं नाही, बोललं की पाखरं गप्प होतात.

लगेच दाबला. मग पुन्हा, पुन्हा, पुन्हा. पाच मिनिटांत चौदा वेळा! मला कळलं, शिंपीबुवांनी घोळ घातला. ओढून बाजूला घेतलं.

‘‘अहो, प्रत्येक गाण्याला दाबू नका. एकच गिऱ्हाईक परत परत हाक मारतंय.’’

‘‘मग कसं ओळखायचं?’’

हे मला येत होतं. कान नसले तरी येत होतं. म्हटलं, ‘‘आवाज कुठून येतो त्या दिशेला बोट करा. एका जागेची एक लाईन. त्याच जागेवरून आला तर तोच. दोन जागांवरून एकदम आले, तर दोन. आणि एक उडून दुसरीकडे बसला असेल, तर मधे थोडी शांतता जाते. तेव्हा घाई करायची नाही.’’

पुन्हा उभे राहिलो. मी डोळे मिटले. हात दाबला गेला, मग ह्यांच्या बोटाने माझं बोट वळवलं, डावीकडे, गवताच्या आत. एक. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा डावीकडे, तोच. मी काही लिहिलं नाही.

सुईने झिजलेली बोटं आहेत ह्यांची. इतकी हलकी दाबतात की कापडही चुरगळणार नाही, पण चुकायचं नाव नाही. तिसऱ्या ठिकाणी दुसरा मिळाला. चौथ्या ठिकाणी एकदम दोन दिशांना बोटं गेली, एक समोर, एक उजवीकडे, आणि मी डोळे उघडून बघितलं तर ह्यांचं तोंड लहान मुलासारखं फुललेलं. चार झाले. पाचव्या, सहाव्या, सातव्या ठिकाणी काहीच नाही. माझा जीव टांगणीला लागला. आठव्यालाही नाही. चारावर करार बसत नव्हता. ह्यांचा हात घामाने ओला झाला होता. मला एकदा वाटलं, हा माणूस आता माझ्यासाठी उगाचच दाबेल. नाही दाबला. पूर्ण पाच मिनिटं हात तसाच राहिला, स्थिर. त्या क्षणी ह्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते बेचाळीस वर्षांत वाटलं नव्हतं.

नवव्या ठिकाणी, शेडच्या मागे, दाबला. पाच.

दहाव्याला आणखी दोन.

सात. गेल्या वर्षी अकरा होते, म्हणजे घट आहेच. ती खोटी नव्हती. फक्त मी समजत होते तेवढी नव्हती.

फॉर्म धावपट्टीवरच बसून भरला. ‘ऐकलेले तेवढेच लिहा.’ खाली रकाना, ‘ऐकणाऱ्याचे नाव’. तिथे आजवर माझं नाव डोळे मिटून लिहायचे. आज पेन घेऊन बसले आणि हात उठेना. मग ह्यांचं नाव लिहिलं, व्यवसाय शिंपी. शेजारी जागा नव्हती, तरी बारीक अक्षरात कोंबलं: लिहिणारी, बायको.

सायकलवर बसवून ह्यांनी मला ऑफिसला नेलं. पावणेनऊला पोचलो. टोपीवाली धुळीने माखून दारात उभी होती. फॉर्म वाचला आणि पहिल्यांदाच तिने डोक्यावरची टोपी काढली. केस फार सुंदर आहेत पोरीचे, झाकून का ठेवते कोण जाणे.

९ जून

गवतवाला ट्रॅक्टर घेऊन आला, पश्चिमेचं कापलं, पूर्वेला वळला नाही. जाताना आमच्या दारासमोर थांबून दोन्ही हातांची बोटं दाखवली, पाच आणि दोन. मी मान हलवली. ओरडून काहीतरी म्हणालाही. काय ते संध्याकाळी ह्यांच्याकडून कळलं: ‘‘मावशी, आज जेवणार मी!’’

२ ऑगस्ट

काल पूर्वेचं गवत कापलं. पिल्लं आठवड्यापूर्वीच उडाली, टोपीवालीने स्वतः खात्री केली. पुढच्या वर्षी इतर माळांवरच्या म्हाताऱ्यांचेही कान आधी तपासून घेणार म्हणाली. आमच्यासारखी दोन-तीन जोडपी तिला आणखी सापडतील, असा तिचा अंदाज आहे.

मला कानात घालायचं यंत्र मिळालंय. भिंगरी आता शब्द चघळत नाही. किटली तर ऐकवत नाही इतकी किंचाळते, दुकानदाराची माफी मागून आले. चेनवाला मात्र यंत्रातूनही येत नाही. तो फार वरच्या सुरात गातो, तिथवर हे यंत्र पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. एकतीस वर्षं मी मधे बसून दोन माणसांची लाईन जोडून दिली. आता त्याच्या आणि माझ्या मधे हे बसतात. चालेल.

आज संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. हंगाम संपलाय, माळ कापलेला, गाणारं कुणी नाही. हात हातात होता, सवयीने. ह्यांनी दाबला.

मी दचकले. ‘‘कुठे? कुठल्या बाजूला?’’

‘‘कुठेच नाही,’’ हे म्हणाले.

फॉर्मवर हे बसत नाही. इथे लिहून ठेवते. एक.